कडेचं दिसतंय का

परातीच्या मधोमध प्रीतीनं शर्टाचं एक काळं बटण मेणानं चिकटवलं आणि परात भिंतीला टेकवून उभी केली. समोर पाटावर तिचा बाप, कृष्णात कांबळे, मांडी घालून बसला. डावा डोळा त्यानं तळहातानं झाकून घेतला.

"बटणाकडंच बघायचं, पप्पा. नजर हलवायची न्हाय," प्रीती म्हणाली. खराट्याच्या एका काडीला तिनं खडूचा तुकडा बांधला होता. "ही काडी मी बाहेरनं हळूहळू आत आणणार. खडू दिसला की 'दिसला' म्हणायचं. दिसायच्या आधी न्हाय, आणि दिसल्यावर दम धरायचा न्हाय. कळलं?"

"कळलं की. मी काय बालवाडीत हाय व्हय?"

"उद्या मशीनपुढं असंच बसायचंय. आज चुकलं तर चालतंय. उद्या चुकून चालणार न्हाय."

कृष्णात बटणाकडं बघत राहिला. बटणाची चार भोकं, त्यातल्या एका भोकात अडकलेला दोऱ्याचा बारीक धागा, सगळं त्याला लख्ख दिसत होतं. मनगटातल्या बांगड्या मागं सारून प्रीती उजव्या बाजूला सरकली.

"दिसला," तो म्हणाला.

काडी अजून परातीच्या काठाबाहेरच होती. प्रीती थांबली. मग वरून काडी आणली. "दिसला." मग खालून. "दिसला." डावीकडून आणली तेव्हा तर तिनं हात पुरता पुढंही केला नव्हता.

प्रीतीनं काडी खाली ठेवली. ती नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कडेची नजर मोजणारं हे मशीन, ही परीक्षा, सगळं तिनंच कॉलेजात बाईंना विचारून समजून घेतलं होतं. आता मात्र तिचा आवाज बारीक झाला.

"पप्पा, तुम्हाला कडेचं दिसतंय की."

कृष्णातनं डोळ्यावरचा हात काढला. "दिसतंय म्हंजे... दिसल्यागत वाटलं."

"वाटलं का दिसलं?"

खडू आला हे त्याला कळलं होतं. कसं कळलं, ते सांगता येत नव्हतं. पोरीनं पुन्हा काही विचारलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. आजवर त्याच्यावर कधीच शंका न घेतलेली ती होती.

हुपरीत कृष्णातनं तीस वर्षं चांदीचं काम केलं होतं. पैंजणाच्या केसाएवढ्या कड्या तो भिंगाशिवाय सांधायचा. चार वर्षांमागं मात्र त्याची नजर कडेनं झडायला लागली. समोरचं सगळं स्वच्छ दिसायचं. बाजूचं मात्र कुणी पडदा ओढत आणावा तसं जात चाललं होतं. जेवताना ताटाशेजारचा तांब्या लाथाडला जायचा. भर दुपारी गल्लीतल्या म्हशीवर तो जाऊन आदळला, तेव्हा कट्ट्यावरची पोरं म्हणाली, "कृष्णातदा, दुपारीच लावलीसा व्हय?" त्यानं हसून वेळ मारून नेली. गेल्या दिवाळीत कारखान्यात त्याचं कोपर लागून तापलेली मूस कलंडली. दुसऱ्या कारागिराचं लहान पोर तिथंच खेळत होतं. वितळलेली चांदी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर सांडली. मालकानं त्याला काढलं नाही. कृष्णातच त्या दिवशी हत्यारं पुसून ठेवून घरी आला, तो पुन्हा गेला नाही.

मग दिव्यांगाचा दाखला काढायचं ठरलं. दाखला असला तर पेन्शन होती, एसटीचा पास होता, टपरीसाठी अर्ज करता येत होता. आठ महिन्यांमागं तालुक्याला शिबिर झालं. गर्दी रेटारेटीची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. डॉक्टर म्हणाले, "वाचा." आणि कृष्णातनं वरपासून खालपर्यंत, शेवटच्या ओळीसकट, एका दमात वाचून काढला. परीक्षा म्हटल्यावर पास व्हायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. नजरेवर पोट भरलेला माणूस. डॉक्टर खूश होतील असं वाटलं त्याला. घरी येऊन आईला त्यानं कौतुकानं सांगितलंसुद्धा, "आये, माझ्याएवढं कुणी वाचलं न्हाय बघ."

महिन्यानं कागद आला. दृष्टी सामान्य. दिव्यांगत्व आढळत नाही.

तो कागद गल्लीत कसा फिरला कुणास ठाऊक. "सुईत दोरा ओवतोय आणि पेन्शन मागतोय," हे त्याच्या कानावर पडलं. वाईट वाटलं ते बोलणाऱ्याचं नव्हे. वाईट याचं, की तो खरोखरच सुईत दोरा ओवू शकत होता.

आता फेरतपासणी होती. उद्या, बुधवारी, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. हीही हुकली तर पुन्हा कोण विचारणार होतं?

दिवस कलायच्या आत अमरसिंह आला. स्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. कृष्णातचा फॉर्म त्यानंच भरला होता, आणि पैसे घेतले नव्हते. बालपणापासूनचा दोस्त.

"भावा, तयारी झाली का?" चपला काढता काढता त्यानं विचारलं. "नीट ऐक. उद्या आधी तक्ता दावतील. वरच्या दोन ओळी वाचायच्या. तिसऱ्या ओळीला थांबायचं, डोळं बारीक करायचं, मान हलवायची. म्हणायचं, दिसत न्हाय साहेब."

"काका, ते खोटं हाय," प्रीती म्हणाली.

"अगं, खोटं कुठलं? तुझा बा आंधळा हाय का न्हाय?"

"बाजूनं हाय."

"मग आंधळ्यागत वागायला काय झालं?"

आतून कृष्णातची आई, बायडाबाई, भाकरी थापता थापता ओरडली, "अमऱ्या, माझ्या लेकाला आंधळा म्हणू नगंस. तोंडात पीठ घालीन."

"मी म्हणत न्हाय, काकू. डॉक्टरानं म्हणावं म्हणून तर धडपड चाललीया!"

सगळे हसले, कृष्णातही. पण अमरसिंह जाताना उंबऱ्यात थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक मात्र सांगतो. सध्या बोगस दाखल्यांची तपासणी चाललीया. शिरोळकडचा एकजण काठी टेकत आत गेला, आणि बाहेर येऊन मोटरसायकलला किक मारली. तिथंच धरला. दाखला गेला तो गेला, वर केस. तवा जे करशील ते शेवटपर्यंत कर. मधी पलटू नगंस."

कृष्णातला जेवण गेलं नाही. खरं बोललं तर डॉक्टर म्हणणार, तुम्हाला सगळं दिसतं. खोटं बोललं तर केस. आणि खरं म्हणजे नक्की काय, हे तरी आपल्याला कुठं ठाऊक आहे? मघाशी तो खडू दिसला होता की नव्हता? आपण पोरीशीच खोटं बोललो का? इतके महिने गल्ली जे म्हणते तेच खरं असेल तर?

सकाळी बायडाबाईनं त्याला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला. बुद्धाच्या मूर्तीपुढं तो हात जोडून उभा राहिला, पण मनात वंदनेऐवजी तक्त्याच्या ओळी येत होत्या. पहिली, दुसरी. तिसरीला थांबायचं.

एसटीत खिडकीशी बसून त्यानं बाहेर बघितलंच नाही. प्रीती फाईल मांडीवर धरून होती. गोकुळ शिरगाव मागं पडलं तशी ती म्हणाली, "पप्पा, अमरकाकांचं ऐकू नगा. तुम्ही जे दिसतंय ते सांगा. बाकी मशीन बघंल."

"आणि मशीन म्हणालं, समदं दिसतंय, तर?"

ती फाईल उघडून कागद पुन्हा मोजू लागली. कालची परात तिच्याही डोळ्यांपुढं असणार.

स्टँडवर उतरल्यावर त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या गर्दीत त्याला एकट्यानं चार पावलंही टाकता आली नसती. समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड दिसायचं, पण त्याच्या हातातली पिशवी गुडघ्याला लागली की मगच कळायची.

दवाखान्यात डोळ्यांच्या विभागाबाहेर बाक भरलेले होते. एका म्हातारीला तिचा मुलगा समजावत होता, "आये, आपनहून काय बोलू नगंस, इचारल्याबिगर." जो तो कुणाला तरी काहीतरी पढवत होता. कृष्णातच्या तळहातांना घाम सुटला होता. इस्त्रीच्या शर्टाला तो पुसायचा, आणि मग शर्ट मळला म्हणून घाबरायचा.

"कृष्णात कांबळे, हुपरी."

आत डॉक्टर चष्मा लावलेले, पन्नाशीचे. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या तक्त्याकडं बोट केलं. "वाचा."

तक्ता तसाच. सगळ्यात खालची ओळ नखाएवढी आणि स्वच्छ, जणू त्यालाच बोलवत होती. कृष्णातनं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीला तो थांबला. त्यानं डोळे बारीक केले. मान हलवली.

"दिसत न्हाय साहेब."

डॉक्टरांनी फाईल उघडल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान.

"मागच्या खेपेला तुम्ही शेवटची ओळ वाचली होती. दोन्ही डोळ्यांनी. आठ महिन्यांत एवढं गेलं?"

खोलीत पंखा फिरत होता. प्रीती दाराशी उभी आहे हे कृष्णातला ठाऊक होतं, आणि मान वळवून तिच्याकडं बघायची त्याची छाती नव्हती. मधी पलटू नगंस, अमरसिंह म्हणाला होता. पण त्याचे हात आपोआप जोडले गेले.

"चुकलं साहेब. दिसतंय. खालची ओळबी दिसतीया." आणि न थांबता त्यानं ती ओळ वाचली, डावीकडून उजवीकडं, मग उलटीसुद्धा. "समोरचं समदं दिसतंय. बाजूचं दिसत न्हाय. पर ते कुणाला दावायचं कसं, ते कळंना झालंय. म्हणून..."

"म्हणून खोटं बोललात."

"व्हय साहेब."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. मग हातात छोटी बॅटरी घेऊन त्याच्या डोळ्यांत प्रकाश टाकला, अगदी नाकाला नाक लागेल इतके जवळ आले. "हं," ते स्वतःशी म्हणाले. मग प्रीतीकडं वळून म्हणाले, "डोळ्याच्या आतल्या पडद्यावर काळे डाग आहेत. आजार आहे, यात शंका नाही. पण किती नजर गेली, ते मी अंदाजानं लिहू शकत नाही. चाळीस टक्क्यांच्या खाली भरलं तर दाखला नाही. मशीनवर बसवा. आणि आता मशीनपुढंही असलं काही केलंत, तर मला तसंच लिहावं लागेल. मशीन खोटं ओळखतं."

शेवटचं वाक्य कृष्णातच्या मानेवर थंड पाण्यागत पडलं.

मशीनची खोली अंधारी होती. तिथल्या बाई, स्वप्नाली नावाच्या, पोरसवदाच होत्या. त्यांनी त्याचा एक डोळा पट्टीनं झाकला आणि हनुवटी एका वाटीवर टेकवली. समोर पांढरं, परातीपेक्षा मोठं, आत वळलेलं भांडं. मधोमध एक पिवळा ठिपका. हातात एक बटण.

"मधल्या दिव्याकडंच बघा, काका. कडेला कुठंही बारीक प्रकाश चमकला की बटण दाबायचं. नाही चमकला तर नाही दाबायचं. एवढंच काम."

एवढंच काम. मशीन सुरू झालं. कृष्णातच्या डोक्यात एकच चाललं होतं. मशीन खोटं ओळखतं, मशीन खोटं ओळखतं. त्याचा अंगठा दाबत गेला. दिसलं, दाबलं. पुन्हा दिसलं, पुन्हा दाबलं. दोन-तीन मिनिटांतच स्वप्नालीबाईंनी तपासणी थांबवली.

"काका, काय चाललंय? प्रकाश नसतानाही तुम्ही दाबताय. मशीन मुद्दाम मधी मधी काहीच दाखवत नाही, तिथंही तुमचं बटण दाबलेलं आहे. हा रिपोर्ट धरताच येत नाही. वर लिहून आलंय, भरवशाचा नाही."

"म्या दिसल्यावरच दाबलं, बाई. आईशप्पथ."

"शपथ मशीनला सांगू का?" त्या वैतागल्या होत्या. बाहेर रांग होती. "डॉक्टरांना विचारते. आधीच तुमच्या फाईलवर त्यांनी काहीतरी लिहिलंय."

त्या दाराकडं निघाल्या. कृष्णातला वाटलं, संपलं. आता भरवशाचा नाही हेच आपल्या नावापुढं लागणार, गल्लीत, गावात, पोरीच्या कॉलेजात. अंधारात तो तसाच बसून राहिला, हनुवटी वाटीवर टेकलेली. तपासणी थांबली होती, तरी मशीन चालूच होतं आणि आतून बारीक आवाज येत होता. कट्. मग थांबून पुन्हा, कट्.

त्याचा अंगठा बटणावर दाबला गेला.

समोर काहीच चमकलं नव्हतं.

"बाई!" तो ओरडला. "बाई, थांबा. ह्यो आवाज कसला?"

"मशीनचा. आतला दिवा सरकतो त्याचा. काय झालं?"

कृष्णातला ते एकदम कळलं. "म्या आवाजावर दाबतोय, बाई. आवाज झाला की मला वाटतंय, दिसलं." तो दाराच्या दिशेनं बोलू लागला, घाईघाईनं, कुणी तोडू नये म्हणून. "चार वरसं मी असंच चालवलंय. सायकल आली, कानानं कळती. बाजूला माणूस बसला, त्याच्या श्वासानं कळतंय. ज्योत मोठी झाली, आवाजानं. ते समदं दिसतंय असंच वाटतंय मला. प्रीते, काल तुझ्या बांगड्या वाजत हुत्या. खडू न्हवता दिसत. बांगड्या!"

दाराशी प्रीतीनं स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. मग ती पुढं आली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, थोडा कापूस मिळंल का?"

स्वप्नालीबाईंनी एकदा बापाकडं बघितलं, एकदा लेकीकडं. मग ट्रेमधून कापूस काढला. प्रीतीनं त्याचे बोळे केले आणि बापाच्या दोन्ही कानांत घट्ट बसवले, लहान पोराच्या कानात तेल घालून बसवावेत तसे. हनुवटी पुन्हा वाटीवर ठेवली. बटण हातात दिलं. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मग अंधार.

समोर पिवळा ठिपका. बाकी काही नाही. कृष्णात वाट बघत राहिला. ठिपक्याच्या अगदी शेजारी एक बारीक चमक झाली. त्यानं दाबलं. पुन्हा एक, जवळच. दाबलं. मग काहीच नाही. तो थांबला. मनात दहा अंक मोजले, वीस मोजले. मशीन बंद पडलं असावं. बाईंना विचारावं का? पण बोललो तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात ठिपक्याजवळ चमक. दाबलं. आणि पुन्हा ते लांबलचक काहीच नाही.

मशीन चालू होतं. हनुवटीखाली त्याची थरथर लागत होती. म्हणजे प्रकाश येत होते. त्या मोठ्या पांढऱ्या भांड्यात, वर, खाली, दोन्ही अंगांना, एकामागून एक चमकत होते, आणि आपल्यापर्यंत पोचत नव्हते. चार वर्षांत पहिल्यांदाच तो कानांशिवाय बसला होता. एका पिवळ्या ठिपक्याएवढी जागा सोडली तर चारी बाजूंना काहीच उरलं नव्हतं. माणसं नाहीत, भिंती नाहीत. त्याला उठून पळावंसं वाटलं, पण पळायचं कुठल्या बाजूला ते कळेना. त्यानं फक्त बटण घट्ट धरलं.

पट्टी बदलली. दुसरा डोळा. तेच.

डॉक्टरांच्या टेबलावर दोन कागद आले. दोन्हींवर एकेक मोठा गोल. कृष्णात पुढच्या खुर्चीत बसला. कापूस काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. डॉक्टर टेबलावरून पुढं वाकले आणि मोठ्यानं, सावकाश बोलले, म्हणून तेवढं ऐकू आलं.

"हा भरवशाचा आहे. चाळीसच्या बराच वर जातोय. दाखला होईल तुमचा. पांढरं आहे तेवढं दिसतं. काळं ते नाही."

कृष्णातनं कागद उचलून नाकासमोर धरला. तारीख, त्याचं नाव, खालचे मुंगीएवढे आकडे, सगळं त्यानं बिनचूक वाचलं. मग गोलाकडं बघितलं. गोल काळाभोर होता. मधोमध वाटाण्याएवढी पांढरी जागा. दुसरा कागद घेतला. तिथंही वाटाणाच.

जे ऐकायला तो आठ महिने तळमळला होता, ते आता झालं होतं. आणि त्याच्या तोंडातून निघालं, "साहेब, येवढं काळं न्हाय वो."

डॉक्टरांनी मान वर केली.

"न्हाय म्हंजे, कडेला थोडं उजळ हाय. मला म्हाईत हाय की. डोळं माझं हायत." त्याचा आवाज चढत होता. "आता ही पोरगीच बघा. माझ्या उजव्या अंगाला उभी हाय. निळा ड्रेस हाय तिचा. दिसतोय की मला!"

डॉक्टर त्याच्या डाव्या बाजूला बघत होते.

आणि मग त्याच्या डाव्या खांद्यावर प्रीतीचा हात पडला.

कृष्णातनं मान वळवली. सावकाश, पूर्ण वळवली, तेव्हा कुठं तिचा निळा ड्रेस आला, मग हनुवटी, मग डोळे. ती रडत नव्हती. ओठ दातांत धरून उभी होती. बाप काय म्हणतोय याची वाट बघत होती, आणि डॉक्टरही पेन कागदावर धरून तीच वाट बघत होते.

"मग काय लिहू?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

कृष्णातनं कागद टेबलावर ठेवला.

"हाय ते लिवा, साहेब," तो म्हणाला. "काळं हाय तेवढं समदं लिवा."